व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसाठी भंगारातला पॉवर ट्रान्सफॉर्मर: आपल्या लाइनवर आणि आपल्या उन्हात तो टिकेल का?

खान्देशात व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, जुना माल अजूनही निघतो. मर्फी, बुश, फिलिप्सचे रेडिओ, मंडपवाल्यांच्या गोदामात पडलेले भोंग्याचे ॲम्प्लिफायर, यात्रांतून फिरलेल्या टुरिंग टॉकीजचं सामान. भंगारात हे सगळं वजनावर जातं आणि त्यात सगळ्यात मोलाची वस्तू असते पॉवर ट्रान्सफॉर्मर. कॅपॅसिटर-रेझिस्टर कुठेही मिळतात, व्हॉल्व्ह मागवता येतात, पण २५०-०-२५० (मधल्या टॅपच्या, म्हणजे मधून काढलेल्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना २५०-२५० व्होल्ट) आणि ६.३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर दुकानात तयार सहसा मिळत नाही, बांधूनच घ्यावा लागतो. म्हणून जुना वाचत असेल तर वाचवावा.

वाचवायचा की नाही हे ठरवताना बहुतेक जण मल्टिमीटर लावतात, बीप वाजला की "चांगला आहे" म्हणतात आणि थेट २३० ला जोडतात. बीपवरून एवढंच कळतं की तार तुटलेली नाही. हजार टर्नच्या (वेढ्यांच्या) वाइंडिंगमध्ये एक टर्न शॉर्ट असेल तर रेझिस्टन्स हजारात एका भागाने कमी होतो. हा फरक कोणताही साधा मीटर दाखवणार नाही, आणि तेवढ्या एका टर्नने ट्रान्सफॉर्मर अर्ध्या तासात धूर काढेल. दुसरी गोष्ट आपल्या भागाची. २२० व्होल्टसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर निर्दोष असला तरी रात्री शेतीपंप बंद झाले की लाइन २५० वर चढते, आणि मे महिन्यात बंद खोलीत ४२-४३ अंश असतात. या दोन्हींत पास झाला तर तो आपल्या कामाचा. पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिलं आहे.

घेताना काय पाहायचं

शक्य असेल तर सुटा ट्रान्सफॉर्मर घेऊ नका, चासिससकट घ्या. चासिसवर कोणते व्हॉल्व्ह होते हे कळलं की ट्रान्सफॉर्मरची ताकद कागदावर काढता येते. उदाहरणार्थ रेडिओत ईसीएच८१, ईएफ८९, ईएबीसी८०, ईएल८४ आणि जादूच्या डोळ्याचा ईएम८० असेल, तर हीटरचा (व्हॉल्व्हची आतली तार तापवणाऱ्या ६.३ व्होल्टचा) करंट अनुक्रमे ०.३, ०.२, ०.४५, ०.७६ आणि ०.३, म्हणजे २ अँपिअर झाला. रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) ईझेड८० असेल तर त्याचे ०.६ वेगळे. एचटीचा (हाय टेन्शन, व्हॉल्व्हला लागणारा उंच व्होल्टचा पुरवठा) करंट साधारण ७५ ते ८० मिलिअँपिअर, त्यातले पन्नासच्या वर एकटा ईएल८४ घेतो. आता तुम्हाला एक ईएल८४ आणि एक ईसीसी८३ चा मोनो सिंगल-एंडेड (एकाच आउटपुट व्हॉल्व्हचा) ॲम्प्लिफायर करायचा असेल तर हीटरला ०.७६ अधिक ०.३, म्हणजे १.०६ अँपिअर लागतील आणि एचटीला साधारण ५६ मिलिअँपिअर. हा ट्रान्सफॉर्मर ते आरामात देईल. त्याच ट्रान्सफॉर्मरवर स्टिरिओ करायला गेलात तर एचटी ११० मिलिअँपिअरवर जाते, आणि ते त्याला झेपणार नाही. इथे मोह होतो, कारण हीटरचा करंट पुरतो. वाइंडिंग जळतं ते एचटीचं.

चासिस नसेल तर कोअरवरून, म्हणजे वाइंडिंगच्या आतल्या लोखंडी पत्र्यांच्या (स्टॅम्पिंगच्या) थप्पीवरून, अंदाज घ्यायचा. स्टॅम्पिंगच्या मधल्या जिभेची रुंदी गुणिले थप्पीची जाडी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये, आणि पत्र्यांमधल्या फटींसाठी गुणिले ०.९. आलेल्या क्षेत्रफळाला १.१५ ने भागा आणि वर्ग करा, तेवढे व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर). जीभ ३.२ आणि थप्पी ४ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ११.५ आणि ताकद साधारण १०० व्हीए. जीभ २.५४ म्हणजे एक इंची आणि थप्पी ३.५ असेल तर ५० व्हीएच्या आत. तारेच्या जाडीवरूनही करंट काढता येतो, दर चौरस मिलिमीटरला अडीच अँपिअर धरून: १८ गेजची तार २.९ अँपिअर, २० गेजची १.६, ३६ गेजची ७० मिलिअँपिअरच्या आसपास. पण टॅगवर (वायर जोडायच्या पत्र्याच्या टोकावर) दिसणारी तार म्हणजे आतली तार असं समजू नका. एचटीच्या बारीक तारेला बाहेर येण्यासाठी जाड तुकडा जोडलेला असतो. हीटरची तार मात्र बहुधा तीच टॅगपर्यंत येते, तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

काही वस्तू पॉवर ट्रान्सफॉर्मरसारख्या दिसतात पण नसतात. गावात वीज येण्याआधी बॅटरीवर चालणारे रेडिओ होते, त्यांतला व्हायब्रेटरचा ट्रान्सफॉर्मर: कमी व्होल्टचं, मधून टॅप काढलेलं, खूप जाड तारेचं वाइंडिंग आणि एक एचटी. तो मेन्सच्या कामाचा नाही. काही स्वस्त रेडिओंत ऑटोट्रान्सफॉर्मर असायचा. मेन्सच्या वायरीपासून एचटीच्या वायरीपर्यंत सरळ कंटिन्यूइटी मिळाली तर तो तसलाच समजा आणि ठेवून द्या, कारण त्यावर बांधलेल्या ॲम्प्लिफायरच्या चासिसवर फेज येऊ शकते.

वास घ्या. जळलेल्या वार्निशचा आंबट-कडू वास वर्षानुवर्षं जात नाही. बाहेरचा कागद मध्येच काळा पडला असेल किंवा मेण वितळून खाली थेंब गोठले असतील तर तो एकदा तरी प्रचंड तापला आहे. पत्र्यांच्या कडेला वरवरचा गंज असेल तर चालतो. गंजाने पत्रे फुगून एकमेकांपासून सुटले असतील तर सोडा.

टर्मिनल ओळखणं

जुन्या भारतीय ट्रान्सफॉर्मरच्या रंगांवर जाऊ नका. अमेरिकी मालात प्रायमरी काळी, एचटी लाल, हीटर हिरवा आणि रेक्टिफायरचं फिलामेंट पिवळं असा संकेत असतो. आपल्याकडे दुरुस्तीवाल्याच्या हाताला जी वायर लागली ती तिथे लागलेली असते. रबरी वायर असेल तर ती बोटाने वाकवली की भुगा होतो. टॅगपाशी कापून नवी वायर जोडा आणि जोडावर स्लीव्ह चढवा.

सगळ्या वायरी मोकळ्या करा आणि ओहममध्ये जोड्या लावा. हीटरची वाइंडिंग एका ओहमच्या खूप आत, प्रायमरी साधारण १० ते ६० ओहम, एचटीचं टोक ते टोक काही शे ओहम. मीटरच्या प्रोब आपसात टेकवून येणारा आकडा वजा करायला विसरू नका, नाहीतर ०.२ ओहमची वाइंडिंग ०.५ दिसते. प्रायमरीला ११०, २००, २२०, २४० असे टॅप असतील तर ज्या दोन टोकांत सर्वाधिक ओहम आहेत ती दोन घ्या. आपल्याकडे नेहमी वरचाच टॅप वापरायचा.

इथे नवख्या माणसाला दोन गोष्टी फसवतात. एक टॅग असा सापडतो ज्याची कशाशीच कंटिन्यूइटी नाही. ती तुटलेली वाइंडिंग असेलच असं नाही. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये तांब्याच्या पातळ पत्र्याची शील्ड असते, तिचं एकच टोक बाहेर येतं. ते अर्थला जोडायचं. दुसरी गोष्ट एचटीची. मधल्या टॅपपासून एका बाजूला १९० आणि दुसऱ्या बाजूला २१५ ओहम आले की लोक अर्ध्या भागात शॉर्ट धरतात. बाहेरचा अर्धा भाग मोठ्या घेरावर गुंडाळलेला असल्याने तार जास्त लागते, म्हणून ओहम जास्त येतात. टर्न सारखेच असतात. ओहम असमान असणं हा दोष नाही. व्होल्ट असमान असणं हा दोष आहे. दोन बाजूंच्या व्होल्टमध्ये दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक आला तर मात्र आत शॉर्ट आहे.

व्होल्ट तपासायला मेन्स लागत नाही. १२ व्होल्ट एसीचा एखादा चांगला ट्रान्सफॉर्मर घ्या आणि ते १२ व्होल्ट जुन्याच्या प्रायमरीला द्या. सगळे आकडे त्या प्रमाणात लहान होऊन येतात. २३० च्या प्रायमरीवर नेमके १२ असतील तर रिकामा ६.३ चा हीटर ०.३५ व्होल्ट दाखवेल, ५ व्होल्टचं फिलामेंट ०.२८, आणि २५०-०-२५० च्या प्रत्येक बाजूला १४ च्या आसपास. हे आकडे नावाच्या व्होल्टपेक्षा सात-आठ टक्के जास्त धरले आहेत, कारण लोड नसताना ट्रान्सफॉर्मर तेवढं जास्त देतो. उलट दिशेने, म्हणजे हीटरला ६ व्होल्ट देऊन बाकी मोजायला जाऊ नका. तसं केलं की एचटीवर पूर्ण ५०० व्होल्ट उभे राहतात, आणि टेबलावर उघडी टोकं पडलेली असतात.

मेगर, आणि पावसाळ्यानंतरचा दमटपणा

मोटर रिवायंडिंगच्या प्रत्येक दुकानात ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) असतो आणि पंपांमुळे अशी दुकानं आपल्याकडे तालुक्याच्या गावीही सापडतात. प्रायमरी ते कोअर, प्रायमरी ते एचटी, एचटी ते कोअर, ५ व्होल्टचं फिलामेंट ते कोअर, एवढ्या चार जोड्या तपासून घ्या. शंभर मेगओहमच्या वर असेल तर उत्तम. दहाच्या खाली असेल तर आधी वाळवा आणि पुन्हा मोजा. एक मेगओहमपाशी अडकला तर मेन्स लावायचा नाही. मेगर लावण्याआधी मधला टॅप चासिसपासून सोडवा. काही रेडिओंत हीटरचं एक टोक आतच कोअरला बांधलेलं असतं, तेही बघा.

५ व्होल्टच्या वाइंडिंगकडे विशेष लक्ष द्या. ५यू४, ५वाय३, जीझेड३४ या रेक्टिफायरचं फिलामेंट किंवा कॅथोड एचटीवर बसतो, त्यामुळे ती पाच व्होल्टची वाइंडिंग जमिनीपासून तीन-चारशे व्होल्टवर तरंगत असते. जुना कागद फाटतो तो बहुधा इथे.

वाळवायची सोपी रीत म्हणजे पत्र्याच्या डब्यात ट्रान्सफॉर्मर आणि ६० वॅटचा पिवळा बल्ब, झाकण थोडं उघडं, रात्रभर. डब्यात थर्मामीटर ठेवून ६० अंशांच्या आत राखा, कारण मेणात बुडवलेल्या ट्रान्सफॉर्मरचं मेण ६० च्या वर सुटायला लागतं. वाळल्यावर मेगर दुप्पट-चौपट चढला पाहिजे. चढलाच नाही तर दोष पाण्याचा नाही.

मेगर नापास झाला म्हणून लगेच टाकू नका. कितीतरी वेळा वाइंडिंग ठीक असते आणि खराब असते टॅगची बेकेलाइट पट्टी. एचटीच्या दोन टॅगच्या मध्ये, नाहीतर टॅग आणि रिबिटच्या मध्ये, केसासारखी काळी रेघ दिसते. भिंग लावून पाहा. तो कोळसा झालेला मार्ग असतो. खरवडून तो जात नाही, आणखी खोल जातो. वायरी टॅगवरून सोडा, मोकळ्या वायरींवर मेगर करा आणि नवी पट्टी बसवा.

शॉर्ट टर्न शोधणं

पहिली चाचणी पेन्सिल सेलवर होते. लाइनच्या टेस्टरमधला निऑन काढा, तो एचटीच्या दोन टोकांना जोडा आणि दीड व्होल्टचा सेल हीटरच्या टोकांना टेकवून झटक्यात काढा. सेल काढताना कोअरमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि एचटीवर शंभर-दोनशे व्होल्टचा फटका उठतो. निऑन लखकन उजळला तर शॉर्ट टर्न नाही. शॉर्ट टर्न असेल तर तो सगळी शक्ती गिळतो आणि निऑन गप्प राहतो. ही चाचणी भंगारवाल्याच्या दारात उभ्याने करता येते. टोकं हातात धरू नका, फटका चांगलाच जाणवतो.

दुसरी सिरीज बल्बची. सगळ्या सेकंडरी मोकळ्या, एकेक टोक वेगळं टेप केलेलं, आणि प्रायमरीच्या सिरीजमध्ये ४० वॅटचा फिलामेंटचा बल्ब. एलईडी चालत नाही. चालू करताच बल्ब क्षणभर चमकून विझला, किंवा तार जेमतेम लालसर राहिली, तर ठीक. अर्धा-पाऊण उजेड टिकून राहिला तर आत शॉर्ट आहे, नाहीतर चुकीचा टॅप लागला आहे. ११० च्या टॅपवर २३० दिले तरी बल्ब असाच पेटतो, म्हणून निकाल देण्याआधी टॅप पुन्हा तपासा. आणखी एक कारण वारंवार सापडतं: न वापरलेल्या ५ व्होल्टच्या वाइंडिंगची दोन टोकं कुणीतरी "नीट राहावीत" म्हणून एकत्र पिळलेली असतात. तो पूर्ण शॉर्ट झाला. न वापरलेली टोकं नेहमी वेगवेगळी टेप करायची.

शॉर्ट पक्का झाला तर तो कुठे आहे ते पाहा. रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बहुधा आत प्रायमरी, मग एचटी आणि सगळ्यात वर हीटर असतो. हीटरची तार बाहेर निघताना ज्या कोपऱ्यात वळते तिथे इनॅमल जातं आणि दोन टर्न जुळतात. तेवढं असेल तर बाहेरचा कागद सोडून, टर्न मोजत हीटर उकलायचा आणि त्याच गेजच्या नव्या तारेने तेवढेच टर्न पुन्हा घालायचे. स्टॅम्पिंग काढायचीही गरज पडत नाही, टर्न कमी असतात, तार खिडकीतून ओवता येते. शॉर्ट एचटीत किंवा प्रायमरीत असेल तर पूर्ण रिवायंडिंग. मग तो भंगारातला ट्रान्सफॉर्मर राहत नाही, फक्त स्टॅम्पिंग आणि बॉबिन तुमचं.

एचटीची एक बाजू ओपन असेल तरी आशा ठेवा. बारीक तार बहुधा जाड तुकड्याशी जिथे जोडली आहे तिथेच हिरवी पडून तुटते. बाहेरचा कागद ब्लेडने हळू कापून तो जोड शोधा. बाहेरच्या टोकाचा जोड असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे.

टर्न पर व्होल्ट: खरा निकाल इथे लागतो

वाइंडिंग आणि कोअरच्या मधल्या फटीतून पातळ हूकअप वायरचे दहा टर्न घाला. प्रायमरीला सिरीज बल्बमधून लाइन द्या, प्रत्यक्ष प्रायमरीवर किती व्होल्ट आहेत ते मोजा आणि त्याच वेळी दहा टर्नवर किती येतात ते मोजा. वरच्या ११.५ चौरस सेंटिमीटरच्या कोअरवर प्रायमरीला २३० असताना दहा टर्नवर २.४५ व्होल्ट आले, तर एका व्होल्टला ४.०८ टर्न. ५० हर्ट्झवर कोअरमधलं फ्लक्स (चुंबकीय क्षेत्राची घनता) टेस्लामध्ये काढायला ४५ ला टर्न पर व्होल्ट गुणिले क्षेत्रफळाने भागा: ४५ भागिले ४६.९, म्हणजे ०.९६ टेस्ला. लाइन २५० झाली की हेच १.०४ होईल. जुन्या साध्या स्टॅम्पिंगसाठी २५० व्होल्टला १.२ च्या आत असेल तर तो ट्रान्सफॉर्मर आपल्या लाइनसाठी सुरक्षित. १.४ आला तर तो काटकसरीने बांधलेला आहे. २२० ला चालेल, आपल्या रात्रीच्या लाइनवर गुरगुरेल आणि तापेल. ६० हर्ट्झसाठी बांधलेला अमेरिकी माल ५० हर्ट्झवर वीस टक्के जास्त फ्लक्स घेतो, तो बहुधा या गाळणीतच अडकतो.

पडताळणी करंटने करा. प्रायमरीच्या सिरीजमध्ये १० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर घाला, बल्ब काढा, आणि रेझिस्टरवरचे व्होल्ट मोजा. अर्धा व्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर. ८० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण लोडचा करंट ३५० मिलिअँपिअर. रिकामा असताना त्याच्या पावपटीच्या आत असावा. डिमरस्टॅट (व्होल्ट कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) मिळाला तर २२० आणि २५० दोन्हींवर मोजा. व्होल्ट चौदा टक्के वाढले आणि करंट दुपटीहून जास्त झाला, तर कोअर भरत (सॅच्युरेट होत) आली आहे. सूत्र आणि मीटर दोघांनी एकच सांगितलं की शंका उरत नाही.

कोअर काठावर असेल तर उपाय स्वस्त आहे. कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला १२-०-१२, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याची प्रायमरी लाइनला आणि सेकंडरी जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या सिरीजमध्ये, उलट्या फेजने. एकच बाजू, म्हणजे १२ व्होल्ट वापरले तर २५० चे २३७ होतात, दोन्ही वापरले तर साधारण २२४. जोडल्यावर मीटर लावा. २५० चे २६३ किंवा २७६ झाले असतील तर सेकंडरीची टोकं उलटी करा. ही सेकंडरी आता मेन्सवर आहे हे लक्षात ठेवा. तिचे जोड तेवढेच झाका आणि तिची कोअरही अर्थ करा. दिवसा पंप चालू असताना लाइन १८० वर येत असेल तर हा ट्रान्सफॉर्मर बाजूला करणारा स्विच हवा, कारण हीटर ५.७ व्होल्टच्या खाली फार वेळ राहिला तर व्हॉल्व्हचं आयुष्य कमी होतं. वरची मर्यादा ६.९.

लोड देऊन तापवणं

रिकामा ट्रान्सफॉर्मर तासाभराने कोमट व्हावा, एवढंच. हात ठेवणं नकोसं झालं तर परत मागच्या चाचण्यांकडे.

लोडसाठी महागडं काही लागत नाही. हीटरला मोटारीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब लावा, ६ व्होल्टवर तो एक-सव्वा अँपिअर घेतो. एचटीला रेक्टिफायर आणि कॅपॅसिटर लावून, साधारण २७० व्होल्ट डीसीवर झिरोचे दोन बल्ब सिरीजमध्ये. झिरोचा बल्ब नावाला झिरो, घेतो १२ ते १५ वॅट. दोन सिरीजमध्ये ४० ते ५० मिलिअँपिअर घेतात, मीटर लावून खात्री करा. एचटी मोजताना मधल्या टॅपपासून एकेक बाजू मोजा. ३५०-०-३५० च्या टोकाटोकांत सातशेच्या वर व्होल्ट असतात आणि साधा मीटर तेवढ्यासाठी नसतो. मोजणी झाली की कॅपॅसिटर ४.७ किलोओहम १० वॅटच्या रेझिस्टरने रिकामा करा, मगच हात घाला.

आता तापमान. बाहेरून हात लावून आतलं कळत नाही. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर ठरलेल्या प्रमाणात वाढतो, त्याचाच थर्मामीटर करायचा. थंड असताना प्रायमरीचे ओहम आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा. समजा २८.० ओहम, ३२ अंश. तीन-चार तास पूर्ण लोडवर चालवा, बंद करा, प्लग काढा आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पुन्हा मोजा. ३४.० ओहम आले. ३४ भागिले २८, गुणिले २६६.५, वजा २३४.५. उत्तर ८९ अंश. यातले २६६.५ म्हणजे २३४.५ अधिक खोलीचे ३२. ही वाइंडिंगची सरासरी झाली, आतला सर्वांत गरम भाग आणखी दहा अंश वर असतो, म्हणजे ९९. कागद आणि जुन्या इनॅमलची मर्यादा १०५. पास झाला असं वाटतं, पण खोली ३२ ची होती. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात खोली ४३ वर गेली की हे सगळे आकडे अकरा अंशांनी वर सरकतात आणि आतला भाग ११० ओलांडतो. हा ट्रान्सफॉर्मर डिसेंबरात छान वाजेल आणि उन्हाळ्यात कधीतरी जाईल. त्यावरचा लोड कमी करा: एचटी दहा-पंधरा मिलिअँपिअरने उतरवा, किंवा वरचा १२ व्होल्टचा उपाय जोडा, आणि चासिसला खाली-वर हवेची वाट ठेवा. मग पुन्हा मोजा. माझ्या मते खान्देशात ३२ अंशांच्या खोलीत सरासरी ७५ च्या वर जाणारा ट्रान्सफॉर्मर रोजच्या वापराच्या ॲम्प्लिफायरमध्ये बसवू नये.

गुरगुर येत असेल तर आधी बोल्ट आवळा. बोल्टवर कागदाची नळी आणि फायबरचे वॉशर असतात, ते हरवले असतील तर नवे घाला, कारण उघडा बोल्ट दोन्ही टोकांनी फ्रेमला टेकला की त्यातूनही करंट फिरतो आणि बोल्ट तापतो. पत्रेच वाजत असतील तर रिवायंडिंगवाल्याकडून हवेवर वाळणारं वार्निश घेऊन कडेने पाजा आणि दोन दिवस वाळू द्या.

बसवताना

हीटरवर लोड कमी असल्याने ६.९ येत असतील तर सिरीजमध्ये ०.५६ ओहम २ वॅट घाला, १.०६ अँपिअरवर नेमके ६.३ मिळतात. रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या जागी १एन४००७ डायोड लावायचे असतील तर एचटी खूप चढते हे लक्षात घ्या. २५०-०-२५० रिकामी असताना २७० देते, लाइन २५० असेल तर २९३, आणि त्याचं पीक ४१५. ईएल८४ चे हीटर गरम होईपर्यंत कॅपॅसिटरवर हे ४१५ उभे असतात, म्हणून ४५० व्होल्टच्या खालचा कॅपॅसिटर चालणार नाही. ३५०-०-३५० ला प्रत्येक बाजूला दोन-दोन डायोड सिरीजमध्ये हवेत. शिवाय ब्रिज लावून टोकाटोकांतली पूर्ण एचटी वापरायची असेल तर मिळणारा करंट निम्म्याच्या आसपास येतो. व्होल्ट दुप्पट मिळाले म्हणून ताकद दुप्पट होत नाही.

व्हॉल्व्ह रेक्टिफायर ठेवणार असाल तर पहिला कॅपॅसिटर मोठा करू नका. ईझेड८० आणि ईझेड८१ ला ५० मायक्रोफॅरडची मर्यादा आहे, जीझेड३४ ला ६०. हम (स्पीकरमधली घूं-घूं) कमी व्हावा म्हणून तिथे १०० किंवा २२० घातला की प्रत्येक सायकलला करंटचं उंच टोक येतं, आणि रेक्टिफायर व वाइंडिंग दोघांना त्रास होतो. हम कमी करायचा तर चोक (कोअरवरची एकच कॉइल) किंवा रेझिस्टरच्या पुढचा दुसरा कॅपॅसिटर वाढवा. जुना पहिला कॅपॅसिटर तर कधीच ठेवायचा नाही. रेडिओंचे ट्रान्सफॉर्मर जळायचं मोठं कारण तोच, आणि त्याच्या जोडीला फ्यूजच्या जागी घातलेली तांब्याची तार.

दोन फ्यूज घाला. ८० व्हीएपर्यंतच्या ट्रान्सफॉर्मरला प्रायमरीत ५०० मिलिअँपिअर स्लो-ब्लो. साधा फ्यूज चालू करतानाच्या धक्क्यानेच उडतो. दुसरा मधल्या टॅपपासून चासिसकडे जाणाऱ्या वायरीत, २०० मिलिअँपिअर. रेक्टिफायर किंवा कॅपॅसिटर शॉर्ट झाला तर प्रायमरीचा फ्यूज उडेपर्यंत एचटी जळून गेलेली असते. हा दुसरा फ्यूज ती वाचवतो. चासिस आणि कोअरला तिसऱ्या पिनेने अर्थ, आणि उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडल्या की अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो, त्यात आठवड्याला बादलीभर पाणी घाला.